सुटणारा दोर, धरून ठेवणारा दोर

इंग्रजी कवी पर्सी शेलीला होडीचं भयंकर वेड होतं, पण होडीवरची कामं त्याला कधी जमली नाहीत. 1822 साली तो इटलीच्या किनाऱ्यावर राहत होता. त्याने जिनोआत एक होडी बांधून घेतली. लांबी साधारण 24 फूट, दोन डोलकाठ्या, वरून उघडी. तिच्यावरचा एक प्रसंग त्याचा मित्र एडवर्ड ट्रेलॉनीने आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलाय. दुसरा मित्र एडवर्ड विल्यम्स सुकाणू सांभाळतोय, शेलीकडे मेनशीट दिलीये. होडी वळवायची वेळ येते. विल्यम्स ओरडतो, मेनशीट सोड! शेली सोडायला जातो, तर दोर अडकलेला. होडी वाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी फडफडत राहते. दोघं मिळून दोर मोकळा करतात, पण तेवढ्यात शेलीची टोपी पाण्यात जाते. ट्रेलॉनी म्हणतो, मी धरलं नसतं तर टोपीमागोमाग कवीही गेला असता.

ट्रेलॉनी गोष्टींना मीठमसाला लावण्याबद्दल प्रसिद्ध होता, आणि हे पुस्तक त्याने 1858 साली, म्हणजे 36 वर्षांनी छापलं. तरी हा प्रसंग मला खरा वाटतो, कारण शिडाच्या होडीवर बसलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. नको त्या क्षणी अडकणारा दोर.

8 जुलै 1822 रोजी हीच होडी लिवोर्नोहून लेरिचीकडे परत निघाली. दुपारी अचानक वादळ आलं. होडी बुडाली. शेली, विल्यम्स आणि होडीवरचा तरुण पोरगा चार्ल्स व्हिव्हियन, तिघंही गेले. शेलीला तीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. होडीने वादळातही शिडं उतरवली नव्हती, अशी साक्ष मागाहून पुढे आली. या मृत्यूवर आजवर बरंच लिहिलं गेलंय. कुणी म्हणतं चाच्यांनी धडक दिली, कुणी म्हणतं शेलीलाच जगायचं नव्हतं. मला यातली साधी बाजू जास्त अस्वस्थ करते. उघडी होडी, पूर्ण शीड, आणि वाऱ्याचा झोत. अशा वेळी होडी कलून पाणी आत यायला काही सेकंद पुरतात. तेवढ्या सेकंदांत माणसाला करण्यासारखी एकच गोष्ट असते, मेनशीट सोडून देणं. त्या दुपारी तो दोर कुणाच्या हातात होता हे सांगायला कुणी उरलं नाही.

या लेखात मला याच दोराचा इतिहास सांगायचाय. कारण छोट्या शीडनौकांवर माणसं दोन प्रकारांनी मेली आहेत: हा दोर सुटायला हवा तेव्हा सुटला नाही म्हणून, आणि थांबायला हवा तेव्हा थांबला नाही म्हणून. पहिल्या मरणावर उपाय शोधता शोधता दुसरं मरण कसं जवळ आलं, ती ही गोष्ट आहे.

शीट म्हणजे शीड नव्हे

आधी एक गोंधळ दूर करू. शीट हा शब्द ऐकून कापड डोळ्यांपुढे येतं, पण खलाशांच्या भाषेत शीट म्हणजे दोर. शिडाचा मोकळा कोपरा ज्याने आवळायचा किंवा सैल सोडायचा, तो दोर. कोकणातल्या होड्यांवर या कामाच्या दोराला दामण म्हणतात. नशेत झोकांड्या खाणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘तीन शीटी वाऱ्यावर’ असं म्हणायची जुनी रीत आहे. शीटी सुटल्या की शिडं आणि होडी कशी बेताल होतात, ते ज्यांनी पाहिलं त्यांनीच हा वाक्प्रचार घडवला असणार.

मुख्य शिडाची शीट ती मेनशीट. बहुतेक यॉटवर मुख्य शिडाचा खालचा काठ एका आडव्या दांड्याला लावलेला असतो. हा दांडा म्हणजे बूम. बूमचं एक टोक डोलकाठीला बिजागरीसारखं जोडलेलं असतं आणि दुसरं टोक होडीच्या मागच्या बाजूला मोकळं. दार जसं बिजागरीवर फिरतं, तसा बूम डावीउजवीकडे फिरतो. मेनशीट या दाराची साखळी. आवळली की बूम होडीच्या मधोमध येतो, सोडली की बाहेर जातो.

शिडात वारा भरला की दोन गोष्टी होतात. होडी पुढे जाते आणि एका बाजूला कलते. वारा अचानक वाढला तर कलणं वाढतं. त्या क्षणी मेनशीट सोडली, की शीड वाऱ्याच्या दिशेने उघडून फडफडायला लागतं, जोर निघून जातो आणि होडी पुन्हा सरळ होते. गाडीला ब्रेक असतो तसा ब्रेक शिडाच्या होडीला नसतो. त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू म्हणजे सोडलेली मेनशीट.

म्हणून उघड्या छोट्या होड्यांच्या काळात एक नियम घट्ट बसला: मेनशीट कधीही बांधून ठेवायची नाही. हातात धरायची, फार तर खुंटीला एक वेढा द्यायचा, पण गाठ मारायची नाही. ब्रिटिश नौदलात उघड्या बोटी चालवायला शिकवताना हा नियम पोरांच्या डोक्यात पक्का भरला जाई. मी मुंबई बंदरात छोट्या होडीवर शिकले, तेव्हा पहिल्या तासाला कानावर पडलेलं वाक्यही तेच होतं: हात दुखला तरी चालेल, दोर बांधायचा नाही.

बांधलेल्या शीटी

नियम फक्त गरीब कोळ्यांच्या किंवा हौशी कवींच्या होड्यांसाठी आहे असं कुणाला वाटत असेल, तर 20 जुलै 1876 ची न्यूयॉर्कची दुपार आठवावी. विल्यम गार्नर हा कापडगिरण्यांचा मोठा मालक, न्यूयॉर्क यॉट क्लबचा पदाधिकारी. त्याची ‘मोहॉक’ नावाची यॉट शंभर फुटांहून मोठी, रुंद, उथळ तळाची आणि आत दिवाणखान्यासारखी सजवलेली. स्टेटन आयलंडजवळ नांगरावरून निघण्याच्या तयारीत ती उभी होती. शिडं चढवलेली, शीटी ओढून बांधलेल्या. अचानक वाऱ्याचा झोत आला आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत ती आडवी झाली. केबिनमधलं सामान आणि तळातली सुटी वजनं कललेल्या बाजूला घसरली. आत अडकलेल्या पत्नीला सोडवायला गार्नर गेला आणि दोघंही बुडाले. त्यांच्यासोबत आणखी काही जण गेले.

या अपघाताने अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. रुंद आणि उथळ होड्या एका मर्यादेपर्यंत ताठ उभ्या राहतात आणि ती ओलांडली की पुन्हा उठत नाहीत, हे सगळ्यांना दिसलं. इंग्लंडमध्ये तोवर अरुंद, खोल होड्या रुळल्या होत्या, आणि शिशाचं वजन आत ठेवण्याऐवजी तळाच्या बाहेर, खाली लावण्याकडे कल होता. पुढच्या वीसेक वर्षांत समुद्रावर लांब जाणाऱ्या छोट्या यॉटचं रूप पालटलं. खोल तळ, खाली वजन, वर डेक. अशी होडी कलली तरी वजन तिला परत उभं करतं, आणि डेक असल्यामुळे पाणी आत भरत नाही.

याचा मेनशीटवर परिणाम झाला, तो मात्र पटकन कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. होडी बुडण्याची भीती कमी झाली, त्यामुळे मेनशीट बांधून ठेवणं शक्य झालं.

ते किती शक्य झालं, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण जोशुआ स्लोकम. 1895 ते 1898 या तीन वर्षांत त्याने ‘स्प्रे’ या जेमतेम 37 फुटी होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. स्प्रेच्या तळात सिमेंटचं वजन होतं, आणि ते सरकू नये म्हणून त्याने टेकू लावून पक्कं केलं होतं. मोहॉकमध्ये नेमकं हेच नव्हतं. थर्सडे बेटापासून कोकोस बेटांपर्यंतचा 2,700 मैलांचा पल्ला त्याने 23 दिवसांत गाठला, आणि या सगळ्या काळात आपण सुकाणूवर एकूण तीन तासांपेक्षा जास्त नव्हतो असं तो लिहितो. सुकाणू बांधलेलं, शीटी बांधलेल्या, होडी आपली आपण चाललेली आणि कप्तान आत वाचत किंवा स्वयंपाक करत. शेलीच्या होडीवर जो दोर क्षणभरही हातातून सुटता कामा नये, तो स्लोकमने दिवसेंदिवस खुंटीवर सोपवला. आपण आज ज्याला छोट्या होडीतला समुद्रप्रवास म्हणतो, त्याची सुरुवात इथून झाली.

बूमचा तडाखा

पण बांधलेला दोर दोन दिशांनी काम करत नाही. बूमला तो बाहेर जाण्यापासून अडवतो, आत येण्यापासून नाही. वारा मागून असेल तर शीड जास्तीत जास्त बाहेर सोडावं लागतं, बूम होडीच्या जवळपास काटकोनात उभा राहतो. अशा वेळी लाटेने होडीची शेपूट थोडी फिरली किंवा वाऱ्याने दिशा बदलली, तर वारा शिडाच्या उलट्या बाजूला शिरतो आणि दार वाऱ्याने धाडकन आपटावं तसा बूम एका बाजूकडून थेट दुसऱ्या बाजूला जातो. याला जाइब म्हणतात. ठरवून, मेनशीट आवळून, सावकाश केली तर ती रोजची गोष्ट. न ठरवता झाली तर छोट्या यॉटवरची सगळ्यात धोक्याची घटना.

साधा हिशोब करू. बूम चार मीटर लांब आहे आणि तो 160 अंशांतून फिरतो. म्हणजे त्याचं टोक 11 मीटरपेक्षा जास्त अंतर कापतं. समजा दोन सेकंदांत. ताशी 20 किलोमीटरची ही सरासरी झाली. शेवटचा वेग त्याहून खूप जास्त. हा दांडा सायकलच्या वेगाने येतो आणि त्याच्यामागे अख्ख्या शिडाचा वारा असतो. त्याची उंची बऱ्याच होड्यांवर उभ्या माणसाच्या डोक्याइतकी असते.

सगळ्या शिडांना हा धोका नसतो, हे इथे सांगायला हवं. आपल्या कोकणातल्या मचव्याचं शीड बघा. ते तिरप्या लांब काठीवरून खाली सोडलेलं असतं आणि त्याच्या खालच्या काठाला बूमच नसतो. मोकळं कापड आणि त्याच्या कोपऱ्याला दामण. अंगावर आलं तर कापड येतं, लाकूड नाही. अरबी समुद्रात शतकानुशतकं व्यापार आणि मासेमारी या शिडावर चालली. त्याची किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजावी लागते. होडीने वाऱ्याची बाजू बदलली की ती जड काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागते. त्याला माणसं लागतात. नवरा-बायको दोघंच समुद्रावर निघालेत किंवा स्लोकमसारखा एकटा निघालाय, त्यांना हे झेपत नाही. बूमवालं शीड आपोआप बाजू बदलतं, म्हणून कमी माणसांच्या यॉटवर ते टिकलं. जी सोय, तोच धोका.

दोर कुठे बांधायचा

जुन्या शिडाचा बूम इतका लांब असे की त्याचं टोक होडीच्या मागे पाण्यावर जाई. मेनशीट त्या टोकापासून होडीच्या अगदी मागच्या लोखंडी आडव्या कांबीवर उतरे. पहिल्या महायुद्धानंतर उंच, त्रिकोणी बर्म्युडा शीड यॉटवर सर्रास आलं. डोलकाठी उंच झाली, बूम आखूड झाला, आणि मेनशीटची जागा पुढे सरकायला लागली. आज साधारण तीन जागा दिसतात, आणि प्रत्येक जागेमागे एक तडजोड आहे.

मेनशीट बूमच्या टोकाला असेल तर कमी जोरात काम होतं. दार बिजागरीपासून लांब ढकललं की हलकं जातं, तेच तत्त्व. पण दोराचे पदर माणसं बसतात त्याच जागेच्या मागून किंवा वरून जातात. जाइब झाली की आधी दोर सैल पडून वेटोळी होतात आणि मग एका झटक्यात ताणले जातात. त्या वेटोळ्यात हात, मान, डोकं, काहीही सापडू शकतं.

मेनशीट बूमच्या मधे असेल तर चार मीटरच्या बूमवर दोन मीटरवर धरल्यासारखं होतं, म्हणजे जोर दुप्पट लागतो. तो दोर बसायच्या जागेच्या मधोमध उतरतो, जागेचे दोन भाग होतात. हाताशी असतो, म्हणून सोडायला सोपा. पण पलीकडे जायचं तर ओलांडूनच जावं लागतं.

तिसरी जागा केबिनच्या छपरावर. हल्लीच्या कुटुंबांसाठीच्या बहुतेक यॉटवर ती दिसते. बसायची जागा मोकळी राहते, मुलंबाळं दोरापासून लांब. पण इथे जोर आणखी वाढतो. म्हणून जास्त कप्प्या लागतात, विंच लागतो, आणि सुकाणू धरणाऱ्याला दोर गाठायला दोन पावलं पुढे जावं लागतं. कप्प्यांचाही एक हिशोब असतो. चार पदरी जोडणीत ओढायचा जोर चौथ्या भागावर येतो, पण बूमजवळची कप्पी एक मीटर दूर जायला चार मीटर दोर सुटावा लागतो. पायात गुंता असेल तर तो सुटत नाही. शेलीच्या होडीवर झालं तेच पुन्हा होतं.

खुंटीचंही असंच. दोन शिंगांच्या जुन्या खुंटीवरून दोर सोडवायला वेढे उलगडावे लागत. दातेरी जबड्याच्या खुंटीत एका झटक्यात वर ओढला की दोर सुटतो. मात्र ताण फार असेल आणि तुम्ही चुकीच्या कोनात बसला असाल, तर तोच जबडा दोराला सोडत नाही.

अनुभवी माणसं

असे अपघात नवशिक्यांचे होतात, असं वाटणं साहजिक आहे. कागदपत्रं वेगळं सांगतात. 4 सप्टेंबर 2015 च्या रात्री पोर्तोच्या पश्चिमेला 122 सागरी मैलांवर, जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतल्या एका 70 फुटी यॉटवर न ठरवता जाइब झाली. बूमला पुढून धरून ठेवणाऱ्या व्यवस्थेतला दोर तुटला होता. मेनशीटचा तडाखा बसून एक जण गेला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने त्यावर सविस्तर अहवाल काढला.

26 मार्च 2018 रोजी केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे 1,400 मैलांवर, ‘स्कॅलीवॅग’ ही यॉट मोठ्या लाटेवरून घसरली आणि जाइब झाली. जॉन फिशर हा कसलेला खलाशी एक दोर आवरायला पुढे जात होता. त्यासाठी त्याने कमरेची सुरक्षा-दोरी त्याच क्षणापुरती सोडली होती. मेनशीटच्या कप्प्यांच्या जोडणीने त्याला पाण्यात फेकलं. तो सापडला नाही. आणि जून 2022 मध्ये बर्म्युडाहून नोव्हा स्कोशियाकडे निघालेल्या एका 66 फुटी जर्मन यॉटवर पती-पत्नी दोघांचाही जीव मेनशीटच्या अपघातात गेला. ती शर्यतीची नव्हे, घरच्यांनी भटकायला नेण्याची यॉट होती.

या तिन्ही यॉट माझ्यासारख्यांच्या होड्यांपेक्षा मोठ्या आहेत. पण 30 फुटी होडीवरही गणित तेच राहतं, फक्त आकडे लहान होतात. माणसाच्या कवटीसाठी ते आकडेही पुरेसे मोठे आहेत.

यावरचा उपाय जुना आहे. बूमच्या टोकापासून एक दोर होडीच्या पुढच्या टोकापर्यंत न्यायचा आणि ताणायचा. याला प्रिव्हेंटर म्हणतात. मेनशीट बूमला बाहेर जाऊ देत नाही, हा आत येऊ देत नाही. तो बूमच्या मधे बांधला तर जोराच्या झटक्याला बूमच मोडू शकतो, म्हणून टोकालाच हवा. आणि त्याचं दुसरं टोक पुढे गाठ मारून सोडायचं नाही. ते मागे, बसायच्या जागेपर्यंत आणायचं, जिथून ते सोडता येईल. कारण वारा उलटा शिरून शीड अडकलं किंवा बूमचं टोक लाटेत बुडालं, तर हाच दोर होडीला आडवं पाडू शकतो. म्हणजे दुसऱ्या मरणापासून वाचवणाऱ्या दोरालाही पहिल्या मरणाचा नियम लागू होतो: धरून ठेव, पण सुटेल असा.

गोव्यात बांधलेल्या 56 फुटी ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. पाठोपाठ 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून कुठेही न थांबता ती केली. दक्षिण महासागरात वारा आठवडेच्या आठवडे मागून वाहतो. बातम्यांत लाटांचे फोटो येतात. पण अशा प्रवासात दिवसरात्र डोक्यावर लटकत राहतो तो बूम, आणि त्याला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवणारे दोन दोर.

आता आपल्याकडेही तरुण मुलंमुली शिडाच्या होड्यांकडे वळतायत. गोवा आणि मुंबईत दोन तासांची फेरी सहज मिळते. अशा होडीवर पाय ठेवलात तर सेल्फी काढण्याआधी सुकाणूवरच्या माणसाला दोन प्रश्न विचारा. मेनशीट कुठून सोडायची? आणि बूम आत्ता अचानक फिरला तर तो आणि त्याचा दोर कुठून कुठे जातील? मग त्या वाटेबाहेरची जागा बघून बसा. चांगला खलाशी या प्रश्नांनी वैतागत नाही. तो बूमचं टोक बोटाने दाखवतो, दोर खुंटीतून एकदा सोडून पुन्हा अडकवून दाखवतो आणि मगच नांगर उचलतो.